झोळीतून पाहिलेलं सोलापूर

ये गं शुभांगी, बस अशी माझ्याजवळ. उंबऱ्यातूनच "निघते आत्या" म्हणू नकोस, आज जरा ऐकून घ्यायचंय. रागावलेय मी तुझ्यावर.

दिवाळी अंकाच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, मावशी, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, मला बोलता येतं, लिहायचं कुणी शिकवलं नाही. त्या म्हणाल्या, मग बोलता तसंच लिहा. आता बोलायचं तर समोर माणूस नको का? भिंतीशी किती बोलणार? म्हणून तुला मनातल्या मनात समोर बसवलंय. वाचणाऱ्यांनी एवढंच समजून घ्या, की शुभांगी माझ्या भावाची लेक, अकलूजला दिलेली, आणि तिनं घरात एक पिल्लू आणलंय.

तर राग कशाचा ते सांगते. पिल्लू आणलंस, फोटो पाठवलास, कपाळावर पांढरा ठिपका, लई गोड आहे. मी फोनवर विचारलं, त्याला काय काय दाखवलंस? तू म्हणालीस, "आत्या, इंजेक्शनं पुरी होईपर्यंत वरच्या मजल्यावरच ठेवलंय, खाली आणतच नाही." म्हणजे त्या जिवाचं जग केवढं? फरशी, पंखा, टीव्ही आणि तुम्ही नवरा-बायको. अगं, तुमच्या दारावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, शेजारी दूधसंकलनाच्या किटल्या आदळतात, पोरं शाळा सुटली की ओरडत पळतात. उद्या हे सगळं त्याच्या अंगावर एकदम आलं की ते पलंगाखाली शिरेल. मग तूच म्हणशील, आमचं कुत्रं भित्रं निघालं. ते निघत नाही गं, आपण करतो.

मी ज्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करायचे, ते सांगायचे: पिल्लाचं मन पहिले तीन-साडेतीन महिने दार उघडं टाकल्यासारखं असतं. जो येईल तो घरचा. नंतर ते दार हळूहळू लोटलं जातं. मग नवीन काही आलं की आधी आतून कडी, मग विचारपूस. दार लोटायच्या आधी जेवढी माणसं, जेवढे आवाज, जेवढे वास आत येऊन बसले, तेवढे जन्मभराचे ओळखीचे.

इंजेक्शनांचं तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं ते खोटं नाही. जिथं भटकी कुत्री हिंडतात तिथं त्याला जमिनीवर टेकवायचं नाही, आजार होतो, पिल्लं जातात, मी डोळ्यांनी बघितलीत. पण टेकवायचं नाही म्हणजे दाखवायचं नाही असं कुठं आहे? झोळी कशासाठी असते?

माझी झोळी म्हणजे एक जुनी सोलापुरी चादर. मोराची नक्षी होती, आता मोराची फक्त पिसं ओळखू येतात. दुहेरी घडी घालायची, खांद्यावर गाठ मारायची, पिल्लू कमरेपाशी बसतं आणि तोंड तेवढं बाहेर काढतं. खाली ऊब, पाठीला माझं पोट, समोर सगळं सोलापूर. असं घेऊन मी बाजारातून निघाले की पोरं म्हणतात, पिल्लावाली मावशी आली. एकदा एका बाईनं नातू समजून झोळीत वाकून बघितलं आणि पिल्लानं तिचं नाक चाटलं. ती आधी किंचाळली आणि मग इतकी हसली, की तिची भाजी घ्यायची राहिली.

हे काम मी शिकले कुठं, तर दवाखान्यात. झाडलोट करायला लागले, मग डॉक्टर सुई टोचताना जनावर धरायला लागले. धरता धरता कळलं, की वर्षाचं झालेलं कुत्रं चावतं म्हणून आणतात, त्यातलं रागीट क्वचित असतं. बहुतेक भ्यालेलं असतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणायचे, मंगल, हे सगळं चार महिन्यांच्या आत व्हायला हवं होतं गं. एकदा मी म्हटलं, साहेब, नुसतं म्हणून काय होतंय, पिल्लं माझ्याकडं पाठवा की. ते हसले, पण पाठवली. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या नोकरदार घरांतून पहिली पिल्लं आली. दोघंही कामाला जाणार, पिल्लू घरात एकटं, म्हणून सकाळी माझ्याकडं आणि संध्याकाळी परत. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, पण माझ्या दारातल्या स्कूटर काही थांबल्या नाहीत.

करते काय, ते ऐक आणि तसंच कर. पायाखाली रोज काहीतरी वेगळं द्यायचं. गोणपाट, पत्रा, ओली फरशी, वाळू, खडी. हे सगळं आपल्या अंगणात, धुतलेल्या जागेवर. हातांनी त्याचे कान बघायचे, पंजे दाबायचे, ओठ उचलून दात बघायचे, म्हणजे पुढं डॉक्टरांना त्रास नाही. माणसं सगळ्या तऱ्हेची दाखवायची. दाढीवाला, हेल्मेटवाला, कुबड्यावाला, छत्रीवाली, खाकीतला, रांगतं पोर. आमच्याकडं पाणी येण्याचा दिवस म्हणजे माझी शाळाच. मोटारी सुरू, पिंपं घरंगळतायत, बायका एकमेकींच्या नळावर लक्ष ठेवून तोंड चालवतायत. हे सगळं झोळीतून बघितलेलं पिल्लू पुढं कशाला भीत नाही.

पण एक नियम. ढकलायचं नाही. मी हातात तूप लावलेल्या भाकरीचा बारीक तुकडा ठेवते. बँडवाले वाजवत असले तर लांब उभी राहते आणि तुकडा देते. खाल्ला, म्हणजे ठीक आहे. एक पाऊल पुढं. तोंड फिरवलं, म्हणजे आपण फार जवळ आलो, गुपचूप मागं व्हायचं. भ्यालेल्या पोटाला भूक नसते, माणसाचंही तसंच की. तो तुकडा म्हणजे माझा तापमापक. लोक म्हणतात, सवय होईल, ने जवळ. तसं नेलं की सवय होत नाही, दहशत बसते.

माणसांचं म्हणशील, तर आमच्या कोपऱ्यावर रझियाभाभींचं शिवणकामाचं दुकान आहे. बुरखा घालतात, आणि त्यांच्यात कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी सगळं धुवावं लागतं. मी आधीच विचारलं, भाभी, चालेल का? त्या म्हणाल्या, "हात नै लगाती मैं. पन बात करतूं ना उससे." तेव्हापासून मी पायरीच्या अलीकडं, त्या मशीनच्या पलीकडं. "क्या रे मियाँ, आज क्या खाये?" असं अगदी पाहुण्याला विचारावं तसं विचारतात आणि माझ्या हाताशी बिस्किट ठेवून मागं सरतात. माझी कितीतरी पिल्लं बुरखा दिसला की शेपूट हलवतात, ती भाभींच्या बिस्किटामुळं.

एक सून आली होती. तिचं सासर अक्कलकोटकडचं, घरात सगळे कानडी बोलणारे. म्हणाली, मावशी, पिल्लाला थोडं कानडी शिकवाल का, सासूबाईंनी हाक मारली आणि ते गेलं नाही तर माझंच चुकलं म्हणतील. मला हसू आलं, पण तिचं चुकीचं नव्हतं. आमच्या दूधवाल्या कानडीच, त्यांच्याकडं रोज नेलं. पंधरवड्यात ते "ये"ला येत होतं आणि "बा"लाही येत होतं. गल्लीतल्या तेलुगू आजीच्या "रा"ला तर सगळ्यांत आधी यायचं, कारण तिच्याकडं अंडं असायचं.

सगळीच गिऱ्हाइकं अशी शहाणी नसतात. एक गृहस्थ बार्शीहून गाडी करून आले. धान्याचे व्यापारी, गोदामाला राखण हवी होती. म्हणाले, "मावशी, याला कुणालाच भेटवू नका. अंधारात ठेवा, म्हणजे तिखट होईल." मी म्हटलं, भाऊ, तिखट नाही, भेदरट होईल. भेदरट कुत्रं चोर आला तर पोत्यामागं लपेल आणि तुमचा नातू खेळायला आला तर त्याला चावेल. ज्याला माणसं माहीत असतात, त्यालाच चोर वेगळा वाटतो. ते म्हणाले, आमच्यात असंच करतात. पिल्लू घेऊन तसेच परत गेले.

त्याचं नाव राजा होतं. वर्ष-सव्वा वर्षानं तेच त्याला दवाखान्यात घेऊन आले, तोंडाला दोरी बांधून. मी नंतर कितीतरी महिने त्याच्यासाठी बार्शीला जाऊन बसायची, लांब, पाठ करून, तुकडे टाकत. शेवटी तो माझ्या पावलांपर्यंत यायचा, वास घ्यायचा. पण त्याच्या डोक्यावर हात ठेवू दिला नाही त्यानं, शेवटपर्यंत नाही. गेला बिचारा. अजून माझ्या हाताला ती जागा रिकामी वाटते.

म्हणून तुझ्यावर ओरडले. आता ज्यासाठी बसवलंय ती गोष्ट सांगते, कारण ती झोळीतल्या सगळ्या पिल्लांपेक्षा वेगळी आहे.

जुळे सोलापुरातली सुजाता, बँकेत आहे. नवरा श्रीनिवास एका कंपनीत, आणि सासरे अंबादासमामा. मामा मूळचे आमच्याच भागातले, तेलुगू विणकर घरातले. जन्म सगळा यंत्रमागावर गेला. सोलापुरात आम्ही लूम म्हणतो. मामी गेल्या, गुडघे दुखायला लागले, तेव्हा मुलानं त्यांना फ्लॅटवर नेलं. तेव्हापासून मामा गॅलरीतल्या खुर्चीवर बसलेले असायचे. जेवायला या म्हटलं की यायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. लूमवरचा माणूस हळू बोलत नाही, त्या खडखडाटात हळू बोलून चालतच नाही. मामांचा आवाज तर चौकात ऐकू यायचा. तो माणूस दिवसभर ब्र काढेना. सुजाताला वाटलं, एखादं पिल्लू आणावं, निदान त्याच्याशी तरी बोलतील.

मामा म्हणाले, "मला राखण कशाला? मी काय मेंढरू हाय का?"

शेवटी तडजोड झाली. श्रीनिवासनं अट घातली, की शी-सू बाहेर करायला शिकेपर्यंत पिल्लू मावशीकडंच राहील, आणि घरी आल्यावर त्रास झाला, सोसायटीतून तक्रार आली, तर त्याचा मोहोळकडचा मित्र शेतावर घेऊन जाईल. सुजाता हो म्हणाली. शेत म्हटलं की छान वाटतं कानाला. मला माहीत होतं ते शेत म्हणजे काय. विहिरीपाशी साखळी आणि दिवसातून एकदा भाकरी. राजा असाच तर गोदामात बांधलेला होता.

पिल्लाचं नाव चिन्ना. तेलुगूत धाकटा. तपकिरी, कान एक उभा एक पडलेला. बाकीची पिल्लं संध्याकाळी घरी जायची, हे रात्रंदिवस माझ्याकडं. मी जीव लावून तयार केलं त्याला. माझ्या घराला लागूनच टॉवेलचा कारखाना आहे, भिंतीला भिंत. दिवसपाळी, रातपाळी, खटाक-खट, खटाक-खट. आमच्या ताटातली वाटीसुद्धा त्या तालात हलते. आठवड्यातून एक दिवस, रातपाळी लागेपर्यंत, कारखाने बंद असतात, गल्ली मुकी होते. मग त्या दिवशी पिल्लाचं शिकणं वाया जायला नको म्हणून मी त्याला मुद्दाम बाजारात न्यायची, स्टँडवर न्यायची. चिन्ना कशालाच भ्याला नाही. वरात गेली, भाकरी खाल्ली. ट्रकनं हॉर्न दिला, भाकरी खाल्ली. कुकरची शिट्टी झाली की हा स्वयंपाकघराकडं पळायचा. मी रझियाभाभींना म्हटलं, असं पिल्लू माझ्या हातून झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, "नजर नक्को लगाओ."

सोमवारी सुजाता त्याला घेऊन गेली. मंगळवारी तिचा फोन. आवाज रडवेला. म्हणाली, मावशी, चिन्ना सोफ्याखालून बाहेर येत नाही, खात नाही, थरथरतोय, आणि आज आम्ही ऑफिसला गेलो तर आळवून आळवून रडत होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी यांना गाठलं. यांनी मोहोळला फोन लावलाय, रविवारी मित्र जीप घेऊन येतोय.

मी बुधवारी सकाळीच रिक्षा केली. सुजातानं रजा टाकली होती. घर चौथ्या मजल्यावर, स्वच्छ, खिडक्या बंद, पडदे. चिन्ना सोफ्याखाली अगदी कोपऱ्यात. मला बघून शेपूट हलली, पण बाहेर आला नाही. भाकरीचा तुकडा पुढं केला, तोंड फिरवलं. ज्या पिल्लानं वरातीत भाकरी खाल्ली, ते इथं खाईना.

मी सगळं तपासायला लागले. फरशी गुळगुळीत म्हणून घाबरला का? चटई टाकली. पंख्याला? पंखा बंद केला, तर आणखीच आत सरकला. मामांच्या काठीला? मामा तर गॅलरीत खुर्चीवर, तोंड रस्त्याकडं. मला काही उमगेना. सुजाता म्हणाली, मावशी, तुम्ही आधी चार घास खाऊन घ्या, मग बघू. आणि तिनं शेंगाचटणी करायला मिक्सर लावला.

मिक्सर घरघरला आणि चिन्ना सोफ्याखालून बाहेर आला. अंग झाडलं, आळस दिला, माझ्या हातातला तुकडा खाल्ला, दुसरा मागितला. मी म्हटलं, बघ, शेंगदाण्याचा वास आला त्याला, भूक लागली होती. मिक्सर थांबला. चिन्नानं कान उभे केले, इकडं तिकडं बघितलं आणि तसाच पळत सोफ्याखाली.

मी सुजाताला म्हटलं, परत लाव. लावला, तो आला. बंद केला, तो गेला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघतोय. मिक्सर लावून जन्मभर बसणार का कुणी?

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. इतका मोठा, की सुजाताच्या हातातलं झाकण पडलं. मामांनी खुर्ची आमच्याकडं वळवली होती.

"मावशी, त्याला कशाची भीती वाटती, कळलं का तुमाला?"

"नाही कळलं मामा. आवाजाला तर भीत नाही हा."

"आवाजाला न्हाय वो. आवाज न्हाय, त्याला भितोय. जरा कान लावा की. काय ऐकू येतंय?"

मी कान लावला. काहीच नाही. बंद खिडक्यांमागं चौथ्या मजल्यावर, पंखासुद्धा बंद. कारखाने बंद असतात त्या दिवशीसुद्धा आमच्या गल्लीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मामा म्हणाले, "लूम चालू हाय तवर सगळं ठीक असतंय. थांबला की समजायचं, दोरा तुटला, न्हायतर लाईट गेली, न्हायतर कुनाचा हात अडकला. आवाज थांबला की आमचं काळीज आधी पळतं, पाय मागनं. हितं आलो तवा मला रोज वाटायचं, कायतरी बंद पडलंय. उठायचो, घरभर बघायचो, परत येऊन बसायचो. ही समदी म्हनली, म्हातारी गेली म्हनून मामा बसलेत. ती गेली ते हायच की. पन ह्ये दुसरं कुनी इचारलं न्हाय."

सुजाता खाली बसली आणि झाकण उचलायच्या निमित्तानं डोळे पुसले.

मला माझ्या कामातली खोट तेव्हा दिसली. पिल्लाला सगळं सोलापूर दाखवलं, आणि शांतता तेवढी दाखवायची राहिली. मुकी गल्ली म्हणजे वाया गेलेला दिवस, असं मी धरून चालले होते. ज्या भिंतीपलीकडं लूम चालतात, त्या भिंतीआडचा माणूसच अशी चूक करणार.

पण चिन्ना अजून लहान होता, दार लोटलेलं नव्हतं. मी मामांना म्हटलं, आता याचा मास्तर तुम्ही. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. सुजातानं आमच्या गल्लीत येऊन कारखान्याचा आवाज फोनमध्ये भरून नेला. तो लावला की चिन्ना बाहेर. मग थोडा कमी, तुकडा. खातोय? आणखी थोडा कमी. तोंड फिरवलं, की परत वाढव. नियम तोच, माझा भाकरीचा.

फोनचं काम सुजातानं केलं, पण खरं काम मामांनी केलं. फोन संपला की मामा काठी खुर्चीच्या पायावर वाजवायचे, खटाक-खट, खटाक-खट, बरोबर लूमच्या चालीवर. हात विसरला नव्हता. "रा, इटु रा," म्हणून बोलवायचे, इकडं ये म्हणून. चिन्ना जाऊन त्यांच्या पावलापाशी बसायचा. मग काठी सावकाश. आणखी सावकाश. मध्येच एक ठोका गाळायचे आणि बघायचे, कान हलतो का. नाही हलला, की पुढचे दोन गाळायचे. मी रोज जात होते, दारातून बघत होते आणि मध्ये पडत नव्हते.

श्रीनिवासला मात्र हे सांगूनही पटत नव्हतं. तो म्हणाला, मावशी, तुमचं बरोबर असेल, पण मी शब्द दिलाय सेक्रेटरींना. मित्र रविवारी येणार म्हणजे येणार. सुजाता माझ्याकडं बघत होती. पिल्लू चार दिवसांत पूर्ण बरं होतं असं खोटं सांगायची मला सवय नाही.

रविवारी मी सकाळीच जाऊन बसले. जीप आली. मित्र वर आला, चांगला मोठ्या आवाजाचा माणूस, हातात साखळी आणि गोणपाट. दारातूनच म्हणाला, "कुटंय ते रडकं?"

मामा खुर्चीत होते. काठी मांडीवर आडवी ठेवलेली, हात स्थिर. मोबाईल बंद, मिक्सर बंद, पंखा बंद. घरात काहीही वाजत नव्हतं. चिन्ना मामांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता. पडलेला कान तेवढा श्वासाबरोबर हलत होता.

मामांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्या माणसाला म्हणाले, "हळू बोला की. आत्ता कुटं झोपलंय."

त्यांच्या तोंडून इतका हळू आवाज श्रीनिवासनं जन्मात ऐकला नव्हता. त्यानं मित्राच्या हातातली साखळी घेतली, गुंडाळून त्यालाच परत दिली आणि म्हणाला, चहा घेऊन जा.

आता लगेच सगळं गोड झालं असं समजू नकोस. पुढं महिनाभर अधूनमधून रडायचा, आणि सेक्रेटरी एकदा परत येऊन गेले. मामांनी त्यांना बसवून लूम कसा चालतो ते इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की ते पुढं कुत्र्यासाठी आले नाहीत. चिन्ना आता मोठा आहे. कुकरलाही भीत नाही आणि दुपारच्या शांततेलाही नाही.

आणि मामा? आमच्या गल्लीत कारखाने बंद असतात त्या दिवशी श्रीनिवास त्यांना चिन्नासकट रिक्षात बसवतो. मामा माझ्या कट्ट्यावर येऊन बसतात. ओळखीचे लोक थांबतात, चहा होतो, रझियाभाभी पलीकडून विचारतात, "क्या मामा, आज बी शाळा?" कारण त्या दिवशी माझी पिल्लं आता बाजारात जात नाहीत. मुक्या गल्लीत मामांच्या पायाशी बसतात आणि काही न वाजणं ऐकायला शिकतात. मामा काठी वाजवतात, मग सावकाश थांबवतात. नवीन पिल्लू असलं की डोळे मिटून बसतात आणि मला विचारतात, "खाल्लं का तुकडा?"

तर शुभांगी, तुझ्याकडचा तो ठिपकेवाला वरच्या मजल्यावरनं उतरव. तुझ्या आईची जुनी चादर असेल, तिची झोळी कर. आधी ट्रॅक्टर लांबून दाखव, मग शाळा, मग दूधसंकलनाच्या किटल्या. हातात तूपभाकरी ठेव आणि त्याच्या तोंडाकडं लक्ष दे. हे आज फोनवरही सांगणार आहेच, कारण हा अंक हातात पडेल तेव्हा लवंगी फुटायला लागली असेल, तेव्हा त्याला उचलून आत बस आणि काहीतरी खायला दे. सगळं गाजत असतं त्यातच एखादी दुपार पंखा बंद करून, फोन उलटा ठेवून, त्याच्याशेजारी नुसती बस. तुलाही बरं वाटेल.

आणि भाऊबीजेची वाट बघत थांबू नकोस. पाहुणचाराला नाही, कामाला बोलावतेय. पिल्लाचे दिवस थांबत नसतात, आणि तुझी गाडी तर दारातच असते. मोराची झोळी धुऊन दोरीवर वाळत घातलीय. कट्ट्यावर मामांच्या डाव्या पावलाशी चिन्ना असतो, उजवं पाऊल मोकळं आहे. परवाच मामा विचारत होते, अकलूजचं लेकरू कधी येतंय म्हणून. मी म्हटलं, येईल की. मला खोटं पाडू नकोस, लवकर ये.